उभ्या गाडीचे भाडे

परवा फोंड्यात एका परिचिताच्या कार्यालयात दोन माणसांचा वाद ऐकत बसण्याची वेळ आली. एक गृहस्थ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना चालवणारे, दुसरे पाच-सहा ट्रक बाळगून असलेले वाहतूकदार. वादाचे कारण बिलातली एक ओळ होती : भाड्याच्या रकमेखाली ‘हॉल्टिंग, दोन दिवस’ असे लिहून पुढे आकडा टाकलेला. कारखानदारांचे म्हणणे असे की, ही सरळसरळ खंडणी आहे. गाडी ठरवली ती माल पोहोचवण्यासाठी, उभी राहण्यासाठी नव्हे. वाहतूकदारांचे म्हणणे असे की, हा आमचा हक्क आहे, आणि तो मान्य नसेल तर उद्यापासून तुमच्या फाटकावर आमची गाडी येणार नाही. तासाभरात दोघेही तसूभर हलले नाहीत. गोव्यात हा विषय निघाला की तो याच दोन शब्दांत अडकतो, खंडणी आणि हक्क. दोन्ही शब्द समोरच्या माणसाच्या हेतूविषयी आहेत. गाडी किती तास उभी होती आणि का, हे त्या तासाभरात एकानेही विचारले नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. माल भरण्या-उतरवण्यासाठी वाजवी मोफत मुदत द्यावी, आणि ती उलटल्यावर गाडी उभी ठेवणाऱ्या ग्राहकाने खोळंबा आकार दिलाच पाहिजे. तो आकार गाडी निघण्यापूर्वी लिहून ठरलेला असावा, दिवसावर नव्हे तर तासावर मोजला जावा, आणि त्यातला हिस्सा चालकाच्या हाती पडावा. मी वाहतूकदारांची बाजू घेऊन बोलतो आहे असे कुणाला वाटू नये. माझ्या नावावर एकही ट्रक नाही, आणि नोकरीची एकवीस वर्षे मी एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात, म्हणजे गाड्या थांबवणाऱ्यांच्या बाजूला काढली आहेत.

त्या वर्षांत मी किती गाड्या थांबवल्या याचा हिशेब आज मला लागत नाही, आणि न लागण्याचे कारण फार बोलके आहे. आमच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या टेबलावर एक लांबट नोंदवही असे. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, चलन क्रमांक, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. गाडी फाटकाबाहेर किती वाजता येऊन उभी राहिली यासाठी रकाना नव्हता, आणि जे दोन रकाने होते त्यांची वजाबाकीही कुणी कधी केली नाही, कारण त्या वजाबाकीतून येणाऱ्या तासांचे पैसे कुणाला द्यायचे नव्हते. विजेच्या मीटरचे आकडे मात्र महिन्याच्या महिन्याला तपासले जात. कमाल मागणी ठरलेल्या केव्हीएच्या वर गेली की व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक बसे.

एक दिवस मला चांगला आठवतो. श्रावणातला पाऊस होता. सकाळी आठच्या सुमारास बेळगावहून पुठ्ठ्याच्या खोक्यांची गाडी आली, चोर्ला घाटातून रात्रभर चालवून. चालक पन्नाशीचा होता आणि ताडपत्रीच्या कडेवरून गळणारे पाणी पायाने बाजूला सारत उभा होता. साडेदहाला मुरगाव बंदरावरून आयात कच्च्या मालाचा कंटेनर आला. हमालांची टोळी एकच. मी क्षणाचाही विचार न करता कंटेनर आत घेतला, कारण कंटेनर ठरलेल्या मुदतीत रिकामा करून परत केला नाही तर जहाज कंपनीचे शुल्क रोजच्या रोज चढते, आणि ते शुल्क कुणाच्या चुकीने चढले याचा जाब मला द्यावा लागला असता. खोक्यांची गाडी संध्याकाळी सहाला आत घेतली. मधल्या काळात चालक दोनदा केबिनपाशी आला. दुसऱ्यांदा त्याने एवढेच विचारले, “साहेब, तो मागून आला ना?” त्याला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून मी कागदांत डोके घातले. आज ते उत्तर मला ठाऊक आहे : त्याच्या तासाला किंमत नव्हती, कंटेनरच्या तासाला होती. मी काही दुष्टपणा केला नव्हता; ज्या उशिराचे पैसे पडतात तो मी टाळला आणि ज्याचे पडत नाहीत तो होऊ दिला. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही तेच केले असते, आणि आजही करतो आहे.

खोळंबा आकार हे ट्रकवाल्यांनी अलीकडे काढलेले खूळ आहे, असे गोव्यातल्या माणसाने म्हणावे याचे मला विशेष नवल वाटते. या भूमीतला मोठा पैसा कित्येक दशके ज्या धंद्यातून आला त्या खनिज निर्यातीच्या धंद्याचा कणाच हा आकार होता. मुरगावला लोहखनिज भरायला येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या करारात रोज किती टन माल भरला जाईल हे लिहिलेले असे. त्यावरून माल भरण्याची मुदत निघे, आणि ती उलटली की जहाजमालकाला दिवसाच्या हिशेबाने डेमरेज, म्हणजे जहाजाचा खोळंबा आकार, द्यावे लागे. मुदतीच्या आत माल भरून जहाज मोकळे केले तर उलट बक्षिसी मिळे, बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने. पावसाचे तास मुदतीतून वगळण्याचे कलम असे, आणि नेमका किती वाजता पाऊस सुरू झाला व किती वाजता थांबला याची नोंद दोन्ही बाजूंच्या सहीने होई. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा बांध तयार होऊन मांडवीतून समुद्रात उतरण्याची वाट खनिज वाहणाऱ्या बार्जेसना बंद होई, तेव्हा त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत जात. तेवढा वळसा घेण्यामागच्या अनेक कारणांत एक हेही होते की, बंदरात उभ्या असलेल्या जहाजाचे घड्याळ चालू आहे. ज्या पेढ्यांनी पिढ्यानपिढ्या हे हिशेब मिनिटांपर्यंत ठेवले, त्यांना कुणी कधी जहाजमालकांचे बळी म्हटले नाही. जहाजाला जो न्याय तो ट्रकला का नाही? जहाज मोठे आणि त्याचा मालक परदेशी म्हणून? की ट्रकवाला दारात उभा असतो, त्याला हात करून ‘थांब रे जरा’ म्हणता येते म्हणून?

रेल्वेचेही तेच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या व्याख्यांमध्येच डेमरेज आणि व्हार्फेज हे दोन शब्द आहेत : मोफत वेळ संपल्यावर डबा अडकवून ठेवल्याचा आकार तो पहिला, आणि मोफत वेळ संपल्यावर माल रेल्वेच्या जागेत पडू दिल्याचा आकार तो दुसरा. रेल्वेने हे का केले? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांना अनुभव असा आला की, व्यापारी डबे आठवडेच्या आठवडे रिकामे करीतच नाहीत. गोदामाचे भाडे वाचते, म्हणून डब्यालाच गोदाम करून टाकतात. डब्यांची टंचाई सगळ्यांना भोवायची आणि सोय मात्र थोड्यांची व्हायची. अखेर ठराविक मोफत मुदत, पुढे ती सर्वसाधारणपणे अठ्ठेचाळीस तासांची झाली, आणि तीनंतर रोजचा आकार असा नियम कंपन्यांनी एकत्र येऊन लावला. डब्याच्या जागी ट्रक घाला, आणि महिनाअखेरीला आपल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारा. एकतीस तारखेला विक्रीचा आकडा गाठायचा म्हणून बिल फाडून माल गाडीत भरलेला असतो, पण समोरच्या व्यापाऱ्याला तो पाच तारखेपूर्वी नको असतो. आणि गाडी चाकांवरचे गोदाम होऊन रस्त्याच्या कडेला उभी असते. हे मी स्वतः केलेले आहे, आणि त्या वेळी मला त्याबद्दल शाबासकी मिळाली होती.

आता विरुद्ध बाजूचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते टाळून चालणार नाही. पहिला असा की, खोळंबा नेहमी ग्राहकाच्या चुकीने होत नाही. गाडी सकाळी नऊला यायची ती दुपारी तीनला येते, तोवर हमालांची पाळी संपत आलेली असते. चालकाच्या हाती बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालाची पावती, असते पण बिलाची प्रत नसते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत तास जातो. काही चालक मुद्दाम रात्री येऊन रांगेत नंबर लावतात आणि मग रात्रीचे तासही मोजायला सांगतात. या सगळ्यात काहीही खोटे नाही. पण खोळंब्याचा दर ठरलेला नसतो तेव्हा या प्रश्नांचा निवाडाही कधी होत नाही, हे लक्षात घ्या. जहाजाच्या करारात पावसाचे तास वगळले गेले ते डेमरेज होते म्हणून; नसते तर पाऊस कधी पडला हे लिहून ठेवण्याची तसदी कुणी घेतली असती? ठरलेल्या वेळेआधी आलेल्या गाडीचे घड्याळ ठरलेल्या वेळेलाच सुरू व्हावे, उशिरा आलेल्या गाडीला त्या दिवशीच रिकामे करण्याचे बंधन नसावे, कागद अपुरे असतील तर ते पुरे होईपर्यंतचे तास वाहतूकदाराच्या नावे पडावेत. माल उशिरा पोहोचला म्हणून भाड्यातून कापून घेण्याची प्रथा तर आजही आहे. तीही लेखी करारात आणून बसवावी, म्हणजे घड्याळ दोन्ही बाजूंनी चालेल.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. गाडी ठरवतो तो माल पाठवणारा. ती अडकवून ठेवतो तो माल घेणारा. कुंडईच्या त्या कारखानदारांची खरी तक्रार हीच होती. त्यांचा माल पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीच्या फाटकावर दोन दिवस उभा राहिला. त्या कंपनीला जाब विचारण्याची त्यांची टाप नाही, आणि वाहतूकदाराचे बिल मात्र त्यांच्या टेबलावर आले. लहान माणसाने मोठ्याच्या आळसाचा दंड का भरावा, हा प्रश्न कुणालाही बोचेल. त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही, पण एक दिशा आहे, आणि ती पुन्हा मुरगावच्याच धक्क्यावरून दिसते. खनिजाचे जहाज पुष्कळदा परदेशी खरेदीदार आणत असे, आणि ते भरण्याचे काम गोव्यातल्या विक्रेत्याचे असे. जहाजमालकाशी करार खरेदीदाराचा. पण भरण्यात दिरंगाई झाली तर ते डेमरेज विक्रीच्या करारातील कलमाने विक्रेत्याकडून वसूल होई. म्हणजे वाहतुकीच्या करारातला आकार विक्रीच्या करारातून ज्याने उशीर केला त्याच्यापर्यंत पोहोचवता येतो. मोठी कंपनी ते कलम पहिल्याच दिवशी मान्य करणार नाही हे खरे. पण आज कारखानदार तिच्यासमोर रिकाम्या हाताने उभा असतो, कारण त्याच्यापाशी दाखवायला ना बिल असते ना तासांची नोंद. दहा पुरवठादारांनी दहा महिन्यांची बिले समोर ठेवली तर त्या कंपनीचा खरेदी अधिकारी निदान आपल्या गोदामवाल्याला विचारील की, फाटकावर चालले आहे तरी काय.

आणि तिसरा मुद्दा, जो गोव्यात उघडपणे कमी आणि चहाच्या टेबलावर जास्त बोलला जातो, तो स्थानिक ट्रकमालकांच्या संघटनांचा. आमच्याच गाड्या लावा, आम्ही सांगू तोच दर, बाहेरची गाडी भरू देणार नाही, या दंडेलीचा अनुभव अनेक उद्योजकांना आहे आणि मलाही आहे. अशा हातांत खोळंब्याचे आणखी एक हत्यार कशाला द्यायचे, असे कुणी म्हटले तर त्याला मी उद्योजकांचा कांगावा म्हणणार नाही. संघटनेने एकत्र बसून सगळ्यांसाठी एकच दर ठरवणे हे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्याही विरोधात जाते. मात्र यातून निष्कर्ष कोणता निघतो ते नीट पाहा. दंडेलीला ऊत येतो तो नियम अलिखित असतात तेव्हा. ‘हॉल्टिंग, दोन दिवस’ ही ओळ नंतर, मर्जीने, पुराव्याविना बिलात येते म्हणूनच ती खंडणीसारखी दिसते. तीच ओळ जर ‘पोहोच ९.१०, प्रवेश ३.४०, रिकामी ५.३०, मोफत दोन तास, शिल्लक सहा तास वीस मिनिटे’ अशी असती आणि खाली कारखान्याच्याच पहारेकऱ्याची सही असती, तर तिच्यावर वाद आकड्याचा झाला असता, इज्जतीचा नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलमही आधी ठरवून लिहिलेल्या रकमेला मान देते, मात्र त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी असेल तेवढीच भरपाई. म्हणजे अवाच्या सवा दर लावणाऱ्याला तिथेही मोकळे रान नाही.

राहिला तो नेहमीचा युक्तिवाद : हे सगळे भाड्यातच धरलेले असते, वेगळे कशाला? व्यवहारी वाटणारा हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो. समजा, एका वाहतूकदाराचे दोन ग्राहक आहेत, अंतर सारखेच. एकाकडे गाडी दीड तासात मोकळी होते, दुसऱ्याकडे दीड दिवसात. जाणे-येणे मिळून दोन दिवसांचा प्रवास धरला, तर पहिल्याच्या कामावर गाडी महिन्यात बारा-तेरा फेऱ्या करील, दुसऱ्याच्या कामावर आठ. बँकेचा हप्ता, विमा, रस्ताकर, चालकाचा पगार हे फेऱ्यांवर अवलंबून नाहीत. ते बाराने भागायचे की आठाने, एवढाच फरक. खोळंबा भाड्यात ‘धरून’ टाकला की वाहतूकदार सरासरी दहाने भागतो, आणि पहिला ग्राहक दुसऱ्याच्या ढिलाईचे पैसे दर महिन्याला भरत राहतो, तेही न कळता. आपले आवार सुधारण्याचे पहिल्याला बक्षीस नाही, दुसऱ्याला न सुधारण्याची शिक्षा नाही. याच कारखान्यांना वीजखाते मागणी आकार लावते, म्हणजे वापरा अथवा न वापरा, तुमच्यासाठी एवढी क्षमता राखून ठेवली आहे तिचे पैसे द्या, आणि ते तक्रार न करता भरले जातात. फाटकाबाहेर उभी गाडी ही राखून ठेवलेली क्षमता नाही तर काय आहे? औषधांची किंवा मासळीची शीतगाडी असेल तर ती उभ्याउभ्या डिझेलही पीत असते, कारण आतले यंत्र बंद ठेवून चालत नाही.

पैशांचा हा भाग झाला. पण वादात ज्याला कुणी बोलावत नाही तो माणूस गाडीच्या केबिनमध्ये बसलेला असतो. ‘थांबला म्हणजे आराम मिळाला की’ असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे, बहुधा एकदा बोललोही आहे. रांगेतल्या चालकाला आराम नसतो. दर वीस मिनिटांनी पुढची गाडी सरकते आणि त्याला इंजिन सुरू करून आठ-दहा मीटर पुढे यावे लागते. झोप लागली तर मागचा पुढे घुसतो. आतले शौचालय कामगारांसाठी असते, त्याला फाटकाबाहेरचे झुडूप. वेर्ण्याच्या पठारावर एप्रिलच्या दुपारी पत्रा तापलेल्या केबिनमध्ये ‘आराम’ कसा असतो ते एकदा बसून पाहावे. कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९६१ साली संसदेने केलेल्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात, जो पुढे २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला, कामाच्या तासांची व्याख्या करताना कामगार मालकाच्या किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या अन्य कुणाच्याही दिमतीला असतो तो वेळ धरला होता, आणि दिवसाची मर्यादा आठ तासांची घातली होती. त्या व्याख्येप्रमाणे खोक्यांच्या गाडीचा तो चालक माझ्या फाटकावर दहा तास कामच करीत होता. नंतर तो बेळगावच्या रस्त्याला लागला, पावसात, अंधारात, चोर्ला घाट चढायला.

ट्रिपवर पैसे आणि थांबण्याला शून्य, या हिशेबाने काय होते ते गोव्याला शिकवायला नको. खाणी जोरात होत्या त्या काळात उसगाव-तिस्क आणि सांवर्डे-कुडचडे या पट्ट्यांत राहिलेल्या कुणालाही विचारा. वजनकाट्यावर आणि जेटीवर रांगेत गेलेला वेळ चालक रस्त्यावर भरून काढत, कारण खेप पुरी झाली तरच पैसे. दोष लोक त्यांच्या बेदरकारपणाला देत, आणि तो होताही. पण ज्या पद्धतीने बसून राहण्याचे मोल शून्य आणि पळण्याचे मोल सगळे ठरवले होते, तिला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली जो अहवाल दिला त्यात असा अंदाज आहे की, माल चढ-उताराच्या ठिकाणी गाडीचा सरासरी मुक्काम पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. त्याच अहवालात हेही नोंदले आहे की, खोळंब्याची अचूक आकडेवारी त्या देशातही नाही. आमच्या फाटकावरच्या वहीची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे. जपानने २०२४ च्या एप्रिलपासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आणली, तेव्हा तिथल्या सरकारला लगेच दिसले की चालकांचे तास कमी करायचे तर आधी गोदामांच्या दारांत जाणारे तास कमी केले पाहिजेत. म्हणून थांबणे आणि चढ-उतार मिळून दोन तासांच्या आत उरकावे अशी मार्गदर्शक तत्त्वे माल पाठवणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना घालून दिली गेली. आपल्याकडे दोन तास म्हटले की लोक हसतात.

रस्त्यावरचा वेळ वाचवण्यासाठी आपण काय काय केले याची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. कोकण रेल्वेने १९९९ च्या जानेवारीत कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली आणि भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून घाटरस्ते चुकवले. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या सीमांवरचे जकातीचे-विक्रीकराचे नाके उठले. पत्रादेवीला किंवा मोलेला कागद घेऊन खिडकीपाशी ताटकळणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे मोल कळेल. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. सरकारने, म्हणजे आपल्या सर्वांच्या पैशाने, ट्रकचे तास वाचवले. आणि वाचलेले तास कारखान्यांच्या फाटकांनी आयते गिळले. गंमत म्हणजे कायदा अजूनही गाडी चालतीच आहे असे धरून चालतो. ई-वे बिलाची, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-कागदाची, मुदत दर दोनशे किलोमीटरना एक दिवस अशी आहे. बेळगावहून शनिवारी सकाळी निघालेली गाडी दुपारी गोव्यात पोहोचते, गोदाम बंद झालेले असते, रविवार सुट्टीचा, आणि सोमवारी फाटक उघडते तेव्हा बिलाची मुदत रविवारी मध्यरात्रीच संपलेली असते. ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेण्याची सोय आहे, पण ते लक्षात ठेवायचे कुणी? तपासणी झालीच तर अडकते ती गाडी. ज्याने सोमवारपर्यंत फाटक उघडले नाही, त्याला कुणी नोटीस पाठवत नाही.

मग कायदा करावा का? इथे मी वाहतूकदारांच्या मागणीपासून दूर जातो. सक्तीचा दर सरकारने जाहीर करावा असे मला वाटत नाही. लहान उद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकती करावीत, नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. कुंडईच्या त्या कारखानदारांना विचारले तर ते सांगतील की, त्या व्याजाची मागणी करण्याची हिंमत त्यांनी आजवर एकदाही केलेली नाही, कारण मागितल्यावर पुढची ऑर्डर येत नाही. जे दुखणे त्यांना पुण्याच्या कंपनीकडून सोसावे लागते तेच ते आपल्या वाहतूकदाराला देतात, आणि वाहतूकदार चालकाला देतो. कागदावरचा हक्क या साखळीत खाली उतरत नाही. म्हणून मला दरापेक्षा नोंद आधी हवी. बिल्टीवर तीन चौकोन वाढवावेत : गाडी पोहोचली, आत घेतली, मोकळी केली, प्रत्येकापुढे वेळ आणि फाटकावरची सही. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी आणि वाहतूकदारांनी मिळून एक नमुना करार करावा, त्यात मोफत तास आणि वगळण्याचे तास स्पष्ट असावेत, दराची जागा कोरी असावी आणि ती ज्याने त्याने आपापसात भरावी. सरकारी खाती आणि महामंडळे स्वतः मोठे ग्राहक आहेत; त्यांनी आपल्या निविदांमध्ये हे कलम घातले तर ते मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे बाकीच्यांना कळेल. आणि चालकाचा हिस्सा त्याच कागदावर लिहिलेला असावा. नाही तर खोळंब्याचे पैसे मालकाच्या खिशात आणि खोळंबा चालकाच्या अंगावर अशी नवी वाटणी होईल, आणि काही मालकांना गाडी उभी राहिलेलीच बरी वाटू लागेल. जहाजांच्या धंद्यात हे घडलेले आहे. बाजार पडलेला असला की डेमरेजवरचे जहाज मालकाला सुटायला नकोच असते. त्यावर उपाय एकच. दर गाडीच्या उभ्या खर्चाएवढा ठेवावा, चालत्या कमाईएवढा नव्हे.

फोंड्याच्या त्या बैठकीनंतर आठवड्याने मी कुतूहल म्हणून त्या वाहतूकदारांच्या एका गाडीबरोबर एका कारखान्याच्या फाटकावर गेलो. चालकाने बिल्टीच्या मागे पेनाने तीन चौकोन आखले होते. मालकाने तसे सांगितले होते. पहारेकऱ्याने चलन पाहिले, गाडीचा क्रमांक वहीत चढवला, सही करायला पेन उचलले. “पात्रांव, पोहोचल्याची वेळ पण लिहा, पावणेदहा,” चालक म्हणाला. पहारेकऱ्याने घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले. “सही करतो,” तो म्हणाला, “वेळ घालायची तर साहेबांना विचारावे लागेल.” साहेब आत बैठकीत होते. आम्ही गाडीत येऊन बसलो.